शेवटचं काय बदललंस?

लॅपटॉप उघडला तेव्हा पावणेदहा वाजले होते. फाइल दोन वाजेपर्यंत गोरेगावच्या ऑफिसला पाठवायची होती. म्हणजे हातात सव्वाचार तास आणि काम उरलेलं अर्ध्या तासाचं. सगळ्या ओळी एकदा वरून खाली वाचायच्या आणि पाठवून द्यायच्या. मी शेजारी चहाचा कपसुद्धा घेऊन बसले होते, साहेबासारखी.

नेहमी पडद्यावर एक डोंगर येतो. त्या दिवशी डोंगराऐवजी राखाडी-निळी पाटी आली. वर पाच शब्द: मेन, ॲडव्हान्स्ड, सिक्युरिटी, बूट, एक्झिट. माऊसचा बाण नाही, काही नाही. कीबोर्डावरच्या बाणांनी चाचपडत एक्झिटपर्यंत गेले, एंटर मारलं. पडदा काळा झाला, कंपनीचं नाव चमकलं, आणि पुन्हा तीच पाटी. पुन्हा एक्झिट. पुन्हा पाटी. सात वेळा केलं. चहावर साय आली.

मोबाईलवर शोधलं. त्या पाटीला बायोस म्हणतात. लॅपटॉप जागा होताना आधी तिथे डोकावतो, डिस्क कुठे आहे, कुठून सुरू व्हायचं ते बघतो आणि मग आपल्याला डोंगर दाखवतो. आपण तिकडे फिरकायचं कारण नसतं. मीही दोन वर्षांत कधी फिरकले नव्हते. हा लॅपटॉप आमच्या ऋतिकाचा कॉलेजातला. ती नोकरीला हैदराबादला गेली आणि तिचा जुना लॅपटॉप, जुने सलवार-कमीज आणि एक अर्धवट कॅक्टस माझ्या वाट्याला आला. कॅक्टस मेला. लॅपटॉपवर मात्र मी एकेक शिकत गेले. आधी मराठी टाइप करायला, मग सिनेमाखाली येणाऱ्या ओळी वेळेवर बसवायला. कुणी शिकवलं नाही. दुपारी सगळे झोपले की व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, करून बघायचं, चुकलं की पुन्हा लावायचा.

तर ती फाइल. गोरेगावात एक लहानसं ऑफिस आहे, ते सिनेमांच्या सबटायटलचं काम करतं. त्यांच्याकडे एक मालवणी सिनेमा आला होता, त्याच्याखाली साध्या मराठीत ओळी हव्या होत्या. त्यांनी चाळीस मिनिटांचा तुकडा चाचणी म्हणून दिला. चारशे बारा ओळी. अकरा दिवस मी त्यात होते. जमलं तर तेवीस वर्षांनी मला काम मिळणार होतं. ऋतिका झाली तेव्हा ट्रॅव्हल कंपनीतली नोकरी सोडली, त्यानंतरचं पहिलं.

घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक रोज विचारतात. आणि नाही झालं की विचारायचं टाळतात. ते दुसरं जास्त लागतं.

फाइल फक्त त्या लॅपटॉपमध्ये होती. पेनड्राइव्ह आहे आमच्याकडे, पण त्यात ऋतिकाच्या साखरपुड्याचे फोटो ठासून भरलेत आणि एकही पुसायला सुबोध तयार नाही. सुबोध म्हणजे माझा नवरा. तो कामावर गेला होता. आदल्या दिवशी दसरा, पाहुणे, पुऱ्या, श्रीखंड. लॅपटॉपला मी हातही लावला नव्हता.

ऋतिकाला फोन केला. कापला. मेसेज आला: ‘मीटिंगमध्ये. काय दिसतंय त्याचे फोटो पाठव. तोवर काहीही दाबू नकोस!!!’

तीन उद्गारचिन्हं. आपल्या पोटच्या पोरीने. मी पाचही पानांचे फोटो काढले, वाकडेतिकडे, एकात माझा अंगठा, आणि पाठवले. मग बघत बसले. दोन टिका आल्या, पण त्या निळ्या होईनात. दहा वाजून पाच. दहा वाजून वीस. हॉलमधून स्वयंपाकघरात गेले, नळ उघडला, कशाला उघडला ते आठवेना, बंद केला. परत आले. टिका तशाच.

पाटीच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं: एफ-नाइन, सेटअप डिफॉल्ट्स. आता डिफॉल्ट म्हणजे मूळचं. मूळचं म्हणजे कंपनीतून आलं तेव्हासारखं, ठणठणीत. यात वाईट काय असणार? दाबलं. ‘नक्की का?’ अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत विचारलं. मी येस म्हटलं. मग एफ-टेन दाबून सेव्ह केलं. पडदा काळा, कंपनीचं नाव, आणि पुन्हा पाटी.

सुटका झाली नाहीच, पण काही बिघडलंही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ऋतिकाला नाही सांगितलं.

स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. कोणीतरी जांभई देत म्हणाला, ‘‘दसऱ्याला शेठ गावाला गेलेत मॅडम. मंडे को आओ.’’ मग मन घट्ट करून गोरेगावला फोन लावला. तिथली रेवती गोड बोलते, पण गोड बोलणारी माणसंच वेळेला पक्की असतात.

‘‘मॅडम, मी समजू शकते,’’ ती म्हणाली. ‘‘पण चार जणांना सेम टेस्ट दिलीय. दोन वाजता चारही फाइल सरांकडे जातात. तिघांच्या आल्या पण.’’

‘‘दोनला येते माझी,’’ मी म्हटलं. आवाज असा काढला की जणू गाडीत बसलेय आणि फक्त उतरायचं बाकी आहे.

पावणेबारा वाजले. तोवर मी हॉल ते स्वयंपाकघर इतक्या वेळा केलं होतं की सासूबाईंनी मेथी निवडायची थांबवली.

सासूबाई, म्हणजे रुक्मिणी, वय त्र्याहत्तर. सुबोधच्या लग्नाआधी त्यांनी अंधेरीला सीप्झमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सतरा वर्षं नोकरी केली. पांढरा कोट घालून रांगेत बसायचं आणि सर्किटच्या हिरव्या पट्ट्यांवर सोल्डरिंग करायचं. त्या पट्ट्या कुठल्या मशीनमध्ये जायच्या, ते त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. जहाजाने परदेशी जायच्या, एवढंच.

‘‘काय गो रत्ना, किती फेरे मारतंस? प्रदक्षिणा घालतंस?’’

‘‘लॅपटॉप सुरू होत नाहीये.’’

‘‘माका बघूक दी.’’

‘‘आई, हा मिक्सर नाही.’’

‘‘मिक्सर तरी तू खंय दुरुस्त करतंस?’’

त्या मेथीचे हात पदराला पुसून आल्या, खुर्ची ओढली. पाटीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटले आणि उजव्या हाताची दोन बोटं कीबोर्डावरून फिरवायला लागल्या, ओळीने, एकेक बटण हलकेच दाबत. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसं. मला एकदम वाटलं, हिसकावून घ्यावा लॅपटॉप. घड्याळाकडे बघितलं. बारा वाजायला आठ मिनिटं.

‘‘आई, बटणं ठीक आहेत हो. आतलं काहीतरी...’’

‘‘गप बस जरा.’’

वरच्या रांगेत आल्या. एस्केप. एफ-वन. आणि तिथेच थांबल्या.

‘‘ह्यां वर येणा नाय.’’

एफ-टू. मी वाकून बघितलं. बाकी बटणांपेक्षा ते एका बाजूने केसभर खाली होतं, बसल्यासारखं. आणि सकाळपासून वाचलेलं सगळं माझ्या डोक्यात एका जागी आलं. लॅपटॉप सुरू होताना एफ-टू दाबलं तर बायोसची पाटी उघडते. हे बटण दाबलेलंच राहिलं होतं. बिचारा लॅपटॉप दर वेळी आज्ञा पाळत होता. मी बाहेर काढत होते, आणि हे बटण त्याला परत आत ढकलत होतं.

‘‘आई! हेच!’’

त्यांनी केसातला आकडा काढला, बटणाच्या कडेला घातला आणि अशा बेताने उचलला की बटण टक् करून वर आलं, मोडलं नाही, उडालं नाही. सतरा वर्षं. खाली रबराचा इवलासा घुमट होता, आणि त्याच्या कडेला काहीतरी अडकलं होतं. आईंनी नखाने ते काढलं आणि लगेच मूठ मिटली.

‘‘काय होतं?’’

‘‘काय नाय. कचरो.’’

पण मी बघितलं होतं. तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला.

काल सकाळी मी पुऱ्या तळत होते तेव्हा हॉलमध्ये शस्त्रपूजा चालली होती. पाटावर विळी, कात्री, सुबोधचा पाना, ऋतिकाच्या लहानपणीची कंपासपेटी. घरातली यादी दरवर्षीची ठरलेली. लॅपटॉप कधी नसायचा त्यात. या वर्षी आईंनी तो ठेवला असणार. आणि नुसता ठेवला नाही, उघडून ठेवला, हळद-कुंकू लावून अक्षता वाहिल्या. बंद झाकणाची पूजा त्यांना पटली नसती. नंतर पुसून पुन्हा टेबलावर ठेवला. चांगला पुसला, कुठे डाग नाही. फक्त एक दाणा निसटला.

आईंची मूठ पदराखाली गेली. मी बटण न बसवताच लॅपटॉप सुरू केला. कंपनीचं नाव आलं. पाटी आली नाही! आनंदाने मी आईंचा दंड धरला.

मग काळा पडदा, आणि त्यावर पांढरी इंग्रजी ओळ. सुरू करण्यासारखी डिस्क सापडली नाही, अशा अर्थाची.

पुन्हा बंद, पुन्हा सुरू. तीच ओळ.

‘‘काय म्हणता तो?’’

‘‘डिस्क नाही म्हणतोय.’’

‘‘आतला सगळा गेला?’’

‘‘माहीत नाही.’’

त्या उठल्या, खाटेवर जाऊन बसल्या. मूठ अजून मिटलेलीच. चेहरा असा झाला की माझं लक्ष घड्याळावरून उडालं.

‘‘माझ्या हातान झाला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मीच केलंय. काल पूजा केलंय, ती.’’

आता इथे मी लगेच ‘नाही हो आई’ म्हटलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं मी म्हटलं नाही. कारण अर्ध्या मनाने मला तसंच वाटत होतं, आणि उरलेल्या अर्ध्याला तसं वाटायला हवं होतं. अकरा दिवसांचं काम एका अक्षतेपायी जाणं हे दुःख तरी आहे. पोरीने तीन उद्गारचिन्हं घालून सांगितलेलं न ऐकून घालवणं म्हणजे नुसता बावळटपणा. सव्वाबारा वाजले होते. मी मोबाईलवर काहीबाही शोधत राहिले, एक व्हिडिओ हिंदी, एक तमिळ, एकात एक माणूस लॅपटॉपचं पोटच उघडून दाखवत होता. एकीकडे आई खाटेच्या कडेला बसून गुडघा हलवत होत्या. त्यांचा गुडघा कधी हलत नाही. मला ते बघवेना आणि थांबवताही येईना.

दहा मिनिटांनी त्याच बोलल्या.

‘‘लाइनीवर पट्टी फेल झाली की आमची सुपरवायझर एकच विचारी. लास्ट क्या बदला? कोणी केला तां नंतर. आधी शेवटचा काय बदललंस, तां सांगा. मग तां परत होता तसा करूचा. मगे फुडे.’’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘मी अक्षता टाकलंय. तां काढला. पण तां काढून पण चलणा नाय. म्हणजे मगे काय तरी अजून बदललेला आसा.’’

त्यांना माझं कळलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं. सरळ हिशोब मांडला होता, पट्टीचा मांडावा तसा.

‘‘मी बदललंय, आई,’’ मी म्हटलं. ‘‘सकाळी. एफ-नाइन दाबलं. ऋतिका नको म्हणाली होती तरी. सगळं मूळचं करून टाकलं.’’

‘‘मगाशी सांगूक काय झाला होता?’’

‘‘लाज वाटली.’’

‘‘आणि माका हय बसवलंस गुन्हेगार करून.’’

‘‘हो.’’

‘‘बरां आसस गो तू.’’ त्या उठल्या. मूठ उघडली, तो दाणा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला, पुराव्यासारखा. ‘‘आता बघ. आधी काय होता?’’

आधी काय होतं, ते मला कसं माहीत असणार? मूळचं नको होतं, मूळच्या नंतर कुणीतरी बदललेलं हवं होतं. ऋतिकाने कॉलेजात असताना कुणाकडून तरी विंडोज नवीन घालून घेतलं होतं, त्याने त्या वेळी पाटीत काही फिरवलं असेल. कोण होता, काय फिरवलं, देव जाणे. मी ऋतिकाला सांगायला मेसेज उघडला, कबुलीजबाब लिहायला लागले, आणि वर माझेच सकाळचे पाच फोटो दिसले. अंगठ्यासकट.

ते एफ-नाइनच्या आधी काढले होते.

‘‘आई, चष्मा घ्या.’’

आता त्याच पाटीत परत जायचं होतं जिच्यातून बाहेर पडायला मी सकाळभर धडपडले होते. तर ती येईना! एफ-टूच्या रबरावर बोट ठेवून सुरू केलं, उशीर झाला. काळी ओळ. पुन्हा. फार लवकर दाबलं बहुतेक. काळी ओळ. सकाळी नको तेव्हा दर वेळी आली, आता हवी तर भाव खातेय. तिसऱ्या वेळी आईंनी माझा हात बाजूला केला, आकड्याची गोल बाजू त्या घुमटावर ठेवली आणि मला म्हणाल्या, ‘‘तू चालू कर. मी टिकटिक करतंय.’’ टिक टिक टिक टिक. पाटी आली.

मग एका हातात मोबाईल, समोर पडदा. मी इंग्रजी वाचायची, आई फोटोत बोट ठेवायच्या. एकेक ओळ अशी जुळवण्यात पाऊण तास गेला. मेनचं पान सारखंच. ॲडव्हान्स्ड सारखंच. सिक्युरिटीत माझा अंगठा, पण जे दिसत होतं ते सारखंच. बूटचं पान.

‘‘वरची ओळ वाच.’’

‘‘बूट मोड. यूईएफआय.’’

‘‘हय तसा नाय. हय एल-ने सुरू होता.’’

फोटोत लिहिलं होतं, लेगसी. म्हणजे जुनी पद्धत. लॅपटॉप जुन्या पद्धतीने उठायला शिकलेला होता आणि मी त्याला नव्या पद्धतीने उठवत होते, म्हणून त्याला आपलं घर सापडत नव्हतं. एवढंच. एक ओळ.

‘‘दुसरं काही बदलू नको हां,’’ मी स्वतःलाच मोठ्याने म्हटलं. लेगसी केलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की का? या वेळी मी तो प्रश्न शब्द न् शब्द वाचला, मोबाईलवर त्याचं मराठी करून घेतलं, आणि मगच येस. एफ-टेन. सेव्ह.

पडदा काळा. कंपनीचं नाव. काळं. अजून काळं. आईंनी माझं मनगट धरलं होतं, बांगड्या रुतत होत्या.

डोंगर आला!

आणि डोंगरावर अक्षरं आली: अपडेट होत आहे, लॅपटॉप बंद करू नका. बारा टक्के.

मी हसायला लागले आणि ते हसू चांगलं नव्हतं. एक वाजून पंचवीस. सतरा टक्के. आई म्हणाल्या, चार घास खाऊन घे. मी म्हटलं, नको. एकतीस टक्के. दार उघडून जिन्यात जाऊन आले, समोरच्यांच्या कुलपाला हात लावून आले, कशाला ते विचारू नका. एकतीस टक्के. परत आले तर आई पडद्याला म्हणत होत्या, ‘‘चल मेल्या, चल. तुझो बापूस वाट बघता हय?’’ एक वाजून एक्केचाळीस मिनिटांनी तो एकदम शंभरावर गेला, जसा काही मधले आकडे त्याला ठाऊकच नव्हते.

फाइल होती. चारशे बारा ओळी, जशाच्या तशा. वाचून काढायला वेळ नव्हता. पहिली ओळ बघितली, शेवटची बघितली, मेलला जोडली. वाय-फाय लागेना, मोबाईलचं नेट घेतलं. रेघ सरकते, थांबते, सरकते.

‘‘दोन वाजता काय पाठवचा हा तुका?’’ आईंनी विचारलं. इतका वेळ त्यांनी ते विचारलंच नव्हतं.

‘‘सिनेमाच्या ओळी. मालवणीच्या मराठी. जमलं तर काम आहे.’’

‘‘तां माका म्हायत हा. तू अकरा दिस माका इचारतंस. गजाल म्हणजे गोष्ट घालू की गप्पा, चेडू म्हणजे पोरगी की मुलगी. तां काय तू हौसेन इचारी होतंस? कामाचा माणूसच असा इचारता.’’ मग म्हणाल्या, ‘‘म्हणान तर लॅपटॉप ठेवलंय ना पाटार.’’

एक वाजून त्रेपन्न मिनिटांनी मेल गेला.

चार मिनिटांनी रेवतीचं उत्तर आलं. ‘फाइल मिळाली. सरांना देते. पाहून कळवतो.’ मी ते तीनदा मोठ्याने वाचलं.

‘‘म्हणजे हो काय नाय?’’

‘‘म्हणजे काहीच नाही. पाहणार, मग कळवणार.’’

‘‘कधी?’’

‘‘ते नाही लिहिलं.’’

सव्वादोनला ऋतिकाचा फोन. ‘‘सॉरी आई, फोटो आत्ता बघतेय. काही दाबलं नाहीस ना?’’

‘‘दाबलं. मग परत होतं तसं केलं. आजीने आणि मी.’’

‘‘बायोसमध्ये? तुम्ही दोघी?’’ मग, ‘‘एवढं काय अर्जंट होतं गं?’’

मी तिला सांगितलं. सगळं, तेवीस वर्षांपासून. बोलताना उभीच होते, मोबाईलचा चार्जर हाताला गुंडाळत आणि सोडत. शेवटी ऋतिका म्हणाली, ‘‘बाबांना सांगितलंस?’’

‘‘संध्याकाळी सांगेन.’’

‘‘आणि नाही झालं तर?’’

‘‘नाही झालं तर तूही विचार. टाळू नकोस.’’

आईंनी भाकऱ्या केल्या होत्या. टेबलावर लॅपटॉप तसाच उघडा, पंखा घरघरत असलेला. ‘‘आता निजव त्याका,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तापलो हा किती.’’

‘‘नको. राहू दे.’’

बंद करायचा म्हटलं तर पुन्हा सुरू करावा लागणार, आणि ते दोन्ही माझ्याने त्या दिवशी होणार नव्हतं. आम्ही ताटं हातात घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्यानेच जेवलो, मेथी आणि भाकरी. मध्येच पडदा विझायला लागला की मी डाव्या हाताच्या करंगळीने बटण दाबून त्याला जागा करत होते. मेलचं पान उघडंच होतं. नवीन काही आलं नव्हतं. आईंनी घास थांबवून तिकडे बघितलं, मग मीही बघितलं, आणि आम्ही दोघी पुन्हा जेवायला लागलो.